प्रमाणपत्राविना धर्मशिक्षण : पंडिता रमाबाई आणि अधिकाराचा प्रश्न

१. प्रस्तावना

धर्माविषयी कोणी काही सांगू लागले की ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो : हे सांगणारे तुम्ही कोण? तुम्हाला हे सांगण्याचा अधिकार कोणी दिला? वैद्याला पदवी विचारतात, वकिलाला सनद विचारतात, मग धर्म शिकवणाऱ्याला काही विचारायचे की नाही? आणि विचारायचे तर काय विचारायचे?

प्रस्तुत पाठात आपण हा प्रश्न मराठी ख्रिस्ती परंपरेच्या संदर्भात अभ्यासणार आहोत. मध्यवर्ती उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आहे. रमाबाईंना कोणत्याही चर्चने पाळकपदाची दीक्षा दिली नव्हती. ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयाची पदवीही त्यांच्याजवळ नव्हती. तरी त्यांनी उपदेश केला, संस्था चालवली, मुलींना धर्मशिक्षण दिले आणि अखेरीस संपूर्ण बायबल मराठीत आणले. नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि मद्रासमधील दोन कायदेपंडित यांची उदाहरणे आपण तुलनेसाठी घेऊ.

रमाबाईंवरील बहुतेक लेखन दोन टोकांना जाते. एका टोकाला त्या बंडखोर आणि चर्च जुलमी ठरते. दुसऱ्या टोकाला त्या संत ठरतात आणि सगळे प्रश्न मिटतात. दोन्ही वाचने सोयीची आहेत, पण अपुरी आहेत. या पाठाचे म्हणणे असे की प्रमाणपत्र नसणे हा अधिकाराचा पुरावाही नव्हे आणि अनधिकाराचाही नव्हे. अधिकार कशाने सिद्ध होतो हे निराळेच तपासावे लागते, आणि ती तपासणी रमाबाईंनाही लावावी लागते.

२. ‘अधिकार’ या शब्दाची दोन अंगे

आपल्या भाषेत ‘अधिकार’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. कचेरीतला अधिकारी म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे तो. पण ‘गाण्यात त्यांचा अधिकार मोठा’ असे आपण म्हणतो तेव्हा सत्ता अभिप्रेत नसते, पात्रता अभिप्रेत असते. वेदान्तात तर ‘अधिकारी’ म्हणजे ज्ञान घेण्यास पात्र झालेला साधक. म्हणजे आपल्याकडे हा शब्द शिकवणाऱ्याइतकाच शिकणाऱ्यालाही लागतो.

मराठी वाचकाला या दोन अर्थांमधला संघर्ष नवा नाही. तुकोबांना धर्म सांगण्याचा अधिकार नाही, असे त्यांच्या काळातील शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. इंद्रायणीत वह्या बुडवल्याची कथा मराठी घराघरात ठाऊक आहे. वारकरी परंपरेने या वादाला दिलेले उत्तर अनुभवाचे होते : ज्याला अनुभव आला त्याने बोलावे. पण याच परंपरेने आणखी एक खबरदारी घेतली, तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. अनुभवाचे बोलणे फडावर, दिंडीत, कीर्तनात, दहा जाणकारांसमोर होत असे. ऐकणारे मान डोलावत, तसे नाकही मुरडत. अनुभव एकट्याचा असला तरी त्याची पारख एकट्याची नव्हती.

नव्या करारातही हाच ताण दिसतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात मंदिराचे कारभारी येशूला त्याच्या अधिकाराचे मूळ विचारतात. तो सरळ उत्तर न देता योहानाच्या बाप्तिस्म्याविषयी उलट प्रश्न करतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान हे अशिक्षित असूनही धीटपणे बोलतात याचे सभेला आश्चर्य वाटते. एवढेच वाचले तर बायबल सनदेच्या विरुद्ध आहे असे वाटेल. पण गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल एकीकडे आपला संदेश माणसांकडून मिळालेला नाही असे ठासून सांगतो, आणि दुसरीकडे तोच संदेश यरुशलेमातील प्रमुखांपुढे मांडून आल्याचेही नमूद करतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तर संदेश देणाऱ्यांचे बोलणे इतरांनी पारखावे अशी सूचनाच आहे. म्हणजे सनद आवश्यक नाही, पण पारख टळत नाही. पुढील विवेचनात हे सूत्र लक्षात ठेवा.

३. रमाबाईंजवळ काय होते आणि काय नव्हते

‘रमाबाईंजवळ कोणतेही प्रमाणपत्र नव्हते’ हे विधान अर्धेच खरे आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. स्त्रीला शास्त्र शिकवल्याबद्दल त्यांना उडुपी येथे धर्मगुरूंसमोर आपली बाजू मांडावी लागली. त्यांनी ती शास्त्रातील वचनांच्या आधारे मांडली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

तेव्हा रमाबाई सनद नसलेल्या नव्हत्या. एका परंपरेची मोठी सनद त्यांच्याजवळ होती. पण ती ज्या परंपरेची, ती परंपराच त्यांनी पुढे सोडली, आणि ज्या परंपरेत त्या गेल्या तिथे त्या सनदेला शिकवण्याच्या दृष्टीने मोल नव्हते. विद्वान म्हणून मान होता, पण धर्माच्या बाबतीत त्यांना शिकाऊ मानले जात होते. हा पेच नीट समजून घ्या. ज्या बाईने शास्त्रीमंडळींशी वाद केले, तिला आता मुलासारखे प्रश्नोत्तरीचे पाठ घ्यायचे होते.

वडिलांकडून त्यांना मिळालेला दुसरा वारसा अधिक महत्त्वाचा आहे. आक्षेप आला की मूळ ग्रंथ उघडायचा आणि त्यातून उत्तर द्यायचे, ही ती रीत. उडुपीत वडिलांनी जे केले तेच मुलीने पुढे इंग्लंडमध्ये केले. फक्त ग्रंथ बदलला.

४. वाँटेज आणि चेल्टनहॅम : पत्रव्यवहारातला वाद

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मुलगी मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. नंतर त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे त्या शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. डोरोथिया बील या तेथील प्राचार्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. या तिघींमधला पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून संकलित केला. १९७७ मध्ये तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला. या विषयाच्या अभ्यासकाने तो मुळातून वाचलाच पाहिजे.

वादाचे मुद्दे अनेक आहेत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हा एक. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, हा दुसरा. यावर हिंदुस्थानातील बिशपांनीही प्रतिकूल मत दिले. त्याने भारतीय समाजात रमाबाईंचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे नवल वाटले. ज्या स्त्रीने आपल्या देशात स्त्रीपुरुषांच्या सभांमध्ये पुराण सांगितले आणि व्याख्याने दिली, तिला भारतीय समाजाची भीती इंग्लंडमध्ये बसून दाखवली जात होती.

तिसरा मुद्दा सर्वांत खोल आहे. त्रैक्याचा सिद्धांत, अथानासियसच्या नावाने ओळखला जाणारा विश्वासांगीकार, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, या बाबी चर्च सांगते म्हणून मान्य करायला रमाबाई तयार नव्हत्या. बायबलमध्ये मला जे दिसेल ते मी मानीन, ही त्यांची भूमिका होती. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. नव्याने आलेल्या व्यक्तीने आधी विश्वासाने ग्रहण करावे, समज मागाहून येते, असे त्यांचे मत.

आजचा वाचक येथे घाईने रमाबाईंच्या बाजूने उभा राहतो. थोडे थांबा. सिस्टर जेराल्डिन यांचे म्हणणे तितके पोकळ नाही. कोणतीही विद्या शिकताना आरंभी काही गोष्टी गुरूच्या शब्दावर घ्याव्या लागतात. तंबोरा लावायला शिकणारा पहिल्या दिवशी स्वरांवर वाद घालत नाही. शिवाय बायबल हा ग्रंथच चर्चच्या परंपरेने निवडून, जुळवून, नकलून आपल्यापर्यंत आणला. मग परंपरा बाजूला सारून केवळ ग्रंथ प्रमाण मानणे कितपत शक्य आहे? हा प्रश्न खरा आहे, आणि रमाबाईंच्या पत्रांत त्याचे पुरते उत्तर मिळत नाही.

मग सिस्टर जेराल्डिन कुठे चुकल्या? त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या. विद्येसाठी लागणारी नम्रता आणि संस्थेपुढे मान तुकवणे या एक नव्हेत. रमाबाई शिकायला नकार देत नव्हत्या. त्या मूळ भाषांपर्यंत जाऊन शिकू पाहत होत्या. नकार होता तो न पटलेले पटले असे म्हणायला. न पटलेली गोष्ट कबूल करून मिळालेल्या सनदेला सत्याच्या दृष्टीने काय किंमत राहील?

५. सनद असलेल्याचे अपुरेपण

रमाबाईंनी १९०७ मध्ये आपल्या श्रद्धेची कहाणी इंग्रजीत लिहिली. मराठीत ती ‘माझी साक्ष’ या नावाने परिचित आहे. तीत त्या एक विलक्षण कबुली देतात. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपण धर्माच्या दारात होतो, पण आत गेलो नव्हतो, असा तिचा आशय आहे. आपल्या या शोधात उपयोगी पडलेल्या पुस्तकांमध्ये त्या विल्यम हॅस्लम यांच्या आत्मकथनाचा उल्लेख करतात.

हॅस्लम कोण? कॉर्नवॉलमधील एका अँग्लिकन मंडळीचे रीतसर दीक्षित पाळक. १८५१ मध्ये स्वतःच प्रवचन करत असताना, व्यासपीठावरच, त्यांचे मन पालटले. दीक्षा, वेष, व्यासपीठ सगळे होते. जे इतरांना द्यायचे तेच नव्हते, आणि हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. सनदेवरून इतका वाद केलेल्या रमाबाईंना एका सनदधारकाचीच ही कबुली उपयोगी पडावी, यात पाठाचा एक धागा आहे. सनद खोटी नसते, पण ती ज्याची खूण आहे ती वस्तू सनदेसोबत येईलच असे नाही.

मराठीत याचे दुसरे उदाहरण नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे रमाबाईंजवळ जे नव्हते ते टिळकांजवळ होते. तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांचा तो समुदाय व्हावा, अशी ती कल्पना होती. पगार मिशनचा आणि शब्द भक्ताचा ही जोडी त्यांना जमेना. आपल्या लोकांना पगारी उपदेशकाचा शब्द लागत नाही, निःसंग माणसाचा लागतो, हे कीर्तनकार कवीला ठाऊक होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले, त्यामुळे दरबाराची वाढ पुरती झाली नाही. हा प्रयोग टिकला असता का, हे सांगता येत नाही. पण त्यातून एवढे दिसते की सनद असलेल्यालाही ती कधी कधी अडसर वाटते.

६. मुक्ती सदन : आता कसोटी रमाबाईंची

आतापर्यंत आपण रमाबाईंना सत्तेसमोर उभ्या असलेल्या पाहिले. आता त्यांच्या हाती सत्ता आलेली पाहू. समीक्षकाचे खरे काम येथे सुरू होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. विधवांना शिक्षण देणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. ‘केसरी’ने तर आधीपासूनच टीकेची झोड उठवली होती.

दार उघडे ठेवणे हा दोष आहे का? आपल्या खोलीत प्रार्थना करण्याचा हक्क रमाबाईंना होता, यात शंका नाही. पण ज्या मुलीला जगात दुसरा आसरा नाही, ती अन्न, वस्त्र, अक्षरओळख देणाऱ्या बाईच्या प्रार्थनेला जाऊन बसते तेव्हा तो निर्णय किती मोकळा असतो? रमाबाई वाँटेजच्या भगिनींच्या आश्रयाला होत्या, तरी वाद घालू शकल्या, कारण त्यांच्याजवळ विद्या होती, नाव होते. सदनातल्या अक्षरशत्रू बालविधवेजवळ यातले काय होते? सुधारक हिंदूंचा हा आक्षेप केवळ जातीय अभिमानातून आला असे म्हणून बाजूला सारता येत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. त्या हिंदूच राहिल्या. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्या रमाबाईंविषयी आदराने लिहितात. म्हणजे त्या घरात राहून, तिथले खाऊन, तिथे शिकूनही निराळा मार्ग धरता येत होता. एका उदाहरणाने सगळे सिद्ध होत नाही, पण हे उदाहरण दुर्लक्षिण्यासारखेही नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळानंतर केडगावला मुक्ती सदन उभे राहिले आणि शेकडो मुली तेथे आल्या. तेथे तटस्थतेचे बंधन नव्हते. जून १९०५ मध्ये तेथे मोठे धार्मिक जागरण झाले. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत, गटागटाने गावोगाव साक्ष द्यायला जात. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट वाटला. रमाबाईंचे म्हणणे असे की भारतीयांना आपल्या रीतीने देवाला हाक मारू द्या. मुक्तीतील सहकारी मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत गेली. १९०९ मध्ये तेथील मेथडिस्ट मंडळीत सुरू झालेल्या जागरणामागे तिची प्रेरणा होती. केडगावच्या मुलींची साक्ष, ज्यांची नावेही आज बहुतेक कोणाला ठाऊक नाहीत, वाल्पराइसोच्या लोकांना हलवून गेली. सनदेविना शिकवण्याचे याहून मोठे उदाहरण मराठी मुलखात क्वचितच सापडेल.

पण नेमके येथेच पारखीचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. आवेगात आलेल्या अनाथ मुलीचे बोलणे कोणी पारखायचे? मुक्तीत रमाबाईंच्या वर कोणी नव्हते. परदेशातील देणगीदार हिशेब विचारू शकत, श्रद्धेचा प्रश्न विचारू शकत नसत. ज्या बाईने धर्ममातेला ‘माझी सदसद्विवेकबुद्धी माझ्याकडे राहू द्या’ अशा अर्थाचे सुनावले, त्या बाईला तसे सुनावू शकणारी मुलगी मुक्तीत होती का? उपलब्ध लेखनातून त्या मुलींचा आवाज आपल्याला बहुधा रमाबाईंच्या किंवा मिशनऱ्यांच्या मार्फतच ऐकू येतो. ही उणीव नोंदवल्याशिवाय या प्रकरणाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

७. भाषांतर : वाचकाला अधिकार देणे

रमाबाईंच्या शेवटच्या सुमारे दीड दशकाचे मोठे काम म्हणजे बायबलचे भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली आणि ती मुलींनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

मराठीत बायबल आधीपासून होते. मग नवे कशाला? त्यातील मराठी संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही आणि त्यातील कित्येक शब्दांना हिंदू धर्मकल्पनांचा वास आहे, असे रमाबाईंचे मत होते. संस्कृतात पंडिता ठरलेल्या बाईने संस्कृत शब्द वेचून बाजूला काढावेत, यात किती सोडावे लागले असेल याचा विचार करा.

माझ्या मते मागील प्रकरणातील आक्षेपाला रमाबाईंनी दिलेले सर्वांत चांगले उत्तर हे भाषांतर आहे. जो शिक्षक आपल्या शिकवणीचा मूळ आधारच शिष्याच्या हाती, शिष्याला कळेल अशा भाषेत देतो, तो शिष्याला स्वतःलाही तपासण्याचे साधन देतो. वाँटेजला रमाबाईंनी जो हक्क स्वतःसाठी मागितला होता, तो त्यांनी केडगावच्या खिळे जुळवणाऱ्या मुलीच्या हाती दिला. तिने तो वापरला की नाही हा निराळा प्रश्न, पण साधन तिच्या हाती आले.

अर्थात भाषांतरालाही मर्यादा आहेत. एका व्यक्तीचे भाषांतर म्हणजे एका व्यक्तीची निवड. भाषांतर समितीत एकाची चूक दुसरा पकडतो, तशी सोय येथे कमी होती. शिवाय भाषेतून एका धर्माचे संस्कार गाळून दुसऱ्या धर्माची शुद्ध भाषा घडवता येते, ही कल्पनाच वादग्रस्त आहे. टिळकांनी नेमके उलट केले. अभंग आणि ओवी यांचे संस्कार नाकारायचे सोडून त्यांनी त्यांतूनच ख्रिस्त गायला. मराठी मंडळ्यांनी या दोघांपैकी कोणाला जवळ केले हे पाहण्यासारखे आहे : रमाबाईंचे भाषांतर उपासनेत सर्वत्र रुळले नाही, टिळकांची गीते आजही गायली जातात. वाचक समुदायाची पारख अशीही चालते, हळूहळू आणि कोणताही ठराव न करता.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहून वेगळी. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. तरी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरे केले. पण त्यांचा धर्मविषयक अधिकार खरा दिसतो तो ‘स्मृतिचित्रे’मध्ये. जातिभेदाची पकड आपल्या मनातून कशी सुटली हे त्या सांगतात तेव्हा उपदेश करत नाहीत. स्वतःचे हसे होऊ देतात. जो स्वतःची फजिती लपवत नाही त्याच्या इतर साक्षीवरही विश्वास बसतो. सनद नसलेल्याच्या प्रामाणिकपणाची ही एक घरगुती, पण भरवशाची खूण आहे.

८. मद्रासचे उदाहरण

हा प्रश्न केवळ मराठी मुलखाचा नाही. चेन्नईच्या दक्षिणेला सिरुसेरी हे गाव आज माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे परिचित आहे. तेथून फार दूर नसलेल्या तांबरमला, मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या आवारात, डिसेंबर १९३८ मध्ये आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली होती. परिषदेसमोर डच विद्वान हेंड्रिक क्रेमर यांचा ग्रंथ होता. त्याला उत्तर म्हणून मद्रासच्या काही भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी ख्रिस्ती धर्माचा भारतात पुनर्विचार व्हावा असे सांगणारा ग्रंथ त्याच वर्षी काढला. त्यात पुढे होते वेंगल चक्कराई आणि पी. चेंचय्या. दोघेही कायद्याच्या क्षेत्रातले. पाळक कोणीही नव्हते.

आता गंमत पाहा. क्रेमर हेही दीक्षित पाळक नव्हते. ते भाषाशास्त्राचे अभ्यासक होते. म्हणजे भारतीय ख्रिस्ती विचारातील एका मोठ्या वादाच्या दोन्ही बाजू सनद नसलेल्यांनी लढवल्या. त्यामुळे ‘सनद नाही म्हणून स्वतंत्र विचार’ किंवा ‘सनद नाही म्हणून भरकटलेला विचार’ ही दोन्ही समीकरणे येथे कोसळतात. सनद दोघांनाही नव्हती, निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध होते. वाचकाला युक्तिवादच तपासावा लागतो.

९. समारोप

आज कोणाही माणसाच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर प्रवचन करायला कोणाची परवानगी लागत नाही. अशा वेळी ‘मी शिकलेला नाही, म्हणून माझे बोलणे निर्मळ’ हा दावाच एक नवी सनद होऊन बसतो. पेत्र आणि योहान कोळी होते हे सांगून प्रत्येक जण स्वतःला पेत्र समजू लागतो. त्या दाव्यापुढे रमाबाईंचे उदाहरण ठेवावे. त्यांनी सनद नाकारली, पण अभ्यास नाकारला नाही. उलट सनदधारकांपैकी थोडेच करतील इतके श्रम मूळ भाषांसाठी घेतले.

तेव्हा सनद नसलेल्या शिक्षकाला तुम्ही तीन प्रश्न विचारू शकता. तो आपला आधार उघड करून दाखवतो का, की फक्त आपल्या अनुभवाकडे बोट दाखवतो? त्याची चूक त्याला सांगू शकेल असे कोणी त्याच्या जवळ आहे का? आणि त्याच्याकडे शिकलेला माणूस त्याच्याशी मतभेद ठेवूनही ताठ उभा राहू शकतो का? पहिल्या प्रश्नाला रमाबाई पूर्ण उतरतात. तिसऱ्याला बाया कर्वे यांच्या रूपाने एक चांगले उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाला मुक्तीच्या काळात समाधानकारक उत्तर मिळत नाही. हे म्हटल्याने रमाबाईंचे मोठेपण कमी होत नाही. ज्यांनी बिशपांच्या शब्दाची पारख केली, त्यांच्या शब्दाची पारख करणे हाच त्यांच्याकडून घेतलेला धडा आहे.

हेच तीन प्रश्न सनद असलेल्यालाही विचारायला हरकत नाही. प्रस्तुत पाठ लिहिणाऱ्यालाही.

स्वाध्याय

१. सिस्टर जेराल्डिन यांची बाजू शक्य तितकी समर्थपणे मांडा आणि मग तिची मर्यादा दाखवा.

२. रमाबाईंचे भाषांतर आणि टिळकांची अभंगरचना यांतील भाषाविषयक भूमिकांची तुलना करा.

३. १८९३ च्या वादात आश्रित विद्यार्थिनींच्या संमतीचा प्रश्न कसा येतो? दोन्ही बाजू विचारात घेऊन लिहा.

४. तुमच्या परिसरात औपचारिक शिक्षण नसताना धर्म सांगणारी एखादी व्यक्ती असल्यास, समारोपातील तीन प्रश्नांच्या आधारे टिपण तयार करा. व्यक्तीचे नाव लिहू नका.